मधमाश्यांचा उत्तर-हंगामी चारा : चाकण परिसरातील रानफुलांची ओळख

भाद्रपद सरत आला की इंद्रायणी, पवना आणि भामा या नद्यांच्या खोऱ्यांतील माळ व टेकड्या पिवळ्या दिसू लागतात. देहूरोडजवळचा घोरावडेश्वर, इंदोरीजवळचा भंडारा, चाकणच्या पश्चिमेचा भामचंद्र या डोंगरांचे उतार, त्यांच्या पायथ्याची गायराने, ओढ्यांचे काठ, एवढेच नव्हे तर निगडीपासून म्हाळुंगेपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या कुंपणालगतची मोकळी जागाही फुलांनी भरून जाते. रस्त्याने जाणाऱ्यास वाटावे की, मधमाशीला यापरता सुकाळ तो कोणता!

परंतु ज्या शेतकऱ्यांनी मधपेट्या ठेवल्या आहेत त्यांचा अनुभव निराळा असतो. सभोवार माळ फुललेला असूनही पेटी हलकीच राहते. चौकटींवर मध साठत नाही, राणीमाशी अंडी घालण्याचे प्रमाण वाढवीत नाही आणि कधी कधी सातेरी माश्यांची सबंध वसाहतच पेटी सोडून निघून जाते. फुले पुष्कळ आणि चारा थोडा, असा हा प्रकार असतो. याचे कारण असे की, डोळ्यांना दिसणारे प्रत्येक फूल मधमाशीच्या उपयोगाचे नसते. कोणते फूल मकरंद देते, कोणते केवळ पराग देते आणि कोणते तिला रित्या तोंडी परत पाठविते, हे ओळखणे मधपाळास अगत्याचे आहे. ज्यांच्यापाशी पेट्या नाहीत, परंतु जे कांद्याचे बी घेतात, तुरी पेरतात किंवा बोरी राखतात, त्यांनाही ही ओळख तितकीच हितावह आहे.

कार्तिकातील फुले आणि माघातील बी

चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. खेड तालुक्यातील जे शेतकरी कांद्याचे बी घरीच तयार करतात, ते निवडक कांदे लावून त्यांचे डेंगळे वाढवितात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास डेंगळ्यांच्या टोकांवर पांढरे गोंडे फुलतात. कांद्याच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असले, तरी ते एकाच वेळी पक्व होत नाहीत. पराग आधी गळून जातो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. यास्तव एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचविल्यावाचून बी धरत नाही. हे काम मुख्यतः कीटक करतात आणि त्यांत मधमाशीचा वाटा मोठा असतो.

आता थोडा हिशेब करून पाहावा. सातेरी मधमाशीचे अंडे घातल्यापासून कामकरी माशी बाहेर पडेपर्यंत सुमारे ३ आठवडे लागतात. बाहेर पडलेली माशी लगेच रानात जात नाही. पहिले दोन-तीन आठवडे ती पेटीतच राहून अळ्यांना भरविणे, घरे साफ करणे, पोळे बांधणे अशी कामे करते. म्हणजे अंडे घातल्यापासून माशी फुलावर जाण्यास ५ ते ६ आठवडे लोटतात. जानेवारीच्या मध्यास जी माशी कांद्याच्या गोंड्यावर बसावयाची, तिचे अंडे डिसेंबरच्या आरंभी घातलेले असले पाहिजे. आणि त्या अळीस भरविणारी माशी त्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोसलेली असली पाहिजे.

अळ्या केवळ साखरेच्या पाकावर वाढत नाहीत. पाकाने माशीला उडण्याची शक्ती मिळते, परंतु अळीचे शरीर घडते ते परागातील प्रथिनांवर. सबब पावसाळा संपल्यापासून थंडी स्थिरावेपर्यंतच्या काळात रानात जो पराग व मकरंद मिळतो, त्यावर माघातील बियाणे अवलंबून असते. हाच मधमाश्यांचा उत्तर-हंगामी चारा होय.

पावसाळ्यातील जुलै ते सप्टेंबर हा काळ मधमाशीच्या दृष्टीने उपासमारीचा असतो. सततच्या पावसाने तिला बाहेर पडता येत नाही आणि फुलांतील मकरंद धुऊन जातो. वसाहत अशक्त होते. त्यानंतर लगेच जर पोटभर चारा मिळाला तर ती सावरते. न मिळाला तर मेणकिड्याचा उपद्रव वाढतो आणि माश्या घर सोडतात. सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारणतः एक-दीड किलोमीटरच्या परिघातच फिरते. त्यामुळे भंडाऱ्याच्या डोंगरावर कितीही फुले असली, तरी तेथून दोन कोसांवर ठेवलेल्या पेटीला त्यांचा उपयोग नाही. पेटीच्या आसपासच काय फुलले आहे, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

चार पिवळी फुले आणि त्यांतील भेद

या परिसरात ऑक्टोबरात दिसणाऱ्या पिवळ्या फुलांपैकी चारांची गल्लत वारंवार होते. चारही एकाच कुळातील आहेत. जे एक फूल म्हणून दिसते तो वस्तुतः अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो व कडेच्या फुलांना पाकळीसारखा पसारा असतो. त्यांना ओळखण्यासाठी फुलाकडे न पाहता प्रथम पान आणि नंतर बी पाहावे.

सोनकी ही मावळाकडील उतारांवर व पावसाच्या भागात विपुल आढळते. हिचे रोप गुडघ्याएवढे, सरळ वाढणारे असते. पाने एकाआड एक येतात, अखंड असतात व त्यांच्या कडा दातेरी असतात. फूल लहान, तेजस्वी पिवळे व अरुंद पाकळ्यांचे. फुलोरा ऑगस्टपासून सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत टिकतो. बी पक्व झाल्यावर त्याच्या टोकाशी पांढरे रेशमी तंतू दिसतात व ते वाऱ्याबरोबर उडून जाते. मकरंद आणि पराग ही दोन्ही हिच्यापासून मिळतात.

कारळा, ज्याला काही भागांत खुरासणी किंवा रामतीळ म्हणतात, हे रानफूल नसून तेलबियांचे पीक आहे. तथापि बांधावर व पडीक वावरात त्याची पडलेली बियाणी आपोआप उगवतात, म्हणून ते रानफुलांत मोजले जाते. याची पाने समोरासमोर येतात, लांबट असतात व देठाविना खोडाला बिलगून बसतात. फूल सोनकीपेक्षा मोठे व पाकळ्या रुंद असतात. बी काळे, चकचकीत व तंतूरहित असते. कारळ्याचे फूल स्वतःच्याच परागाने सहसा फळत नाही. त्यास दुसऱ्या रोपाचा पराग लागतो व तो मधमाशी आणून देते. ज्या शेतात कारळा आहे तेथे मधपेटी ठेवल्यास माशीलाही लाभ आणि शेतकऱ्यालाही लाभ, असा दुहेरी योग जुळून येतो.

एकदांडी ही बांध, रस्त्याची कड, घराचे अंगण अशी कोठेही उगवणारी वनस्पती आहे. जखमेवर हिचा पाला चोळण्याची चाल असल्याने बहुतेकांना ती परिचित आहे. जमिनीलगत पसरलेल्या दातेरी पानांतून एक लांब, उघडी दांडी निघते व तिच्या टोकाशी एकच फूल असते. मध्यभाग पिवळा आणि कडेच्या मोजक्या आखूड पाकळ्या फिकट पांढऱ्या असतात. ही जवळजवळ बारमाही फुलते. एका फुलापासून मिळणारा चारा थोडा असला, तरी इतर काही नसताना हीच मधमाशीला तारून नेते.

चौथे फूल कॉसमॉसचे. हे मूळचे मेक्सिकोकडील असून बागेतील शोभेचे फूल म्हणून येथे आणले गेले. तेथून ते सुटले व आता पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि महामार्गांच्या कडांवर फैलावले आहे. पुष्कळ जण यालाच सोनकी समजतात. परंतु याचे पान सोनकीसारखे अखंड नसून खोलवर चिरलेले, झेंडूच्या पानाची आठवण करून देणारे असते. फूल मोठे, नारिंगी झाक असलेले पिवळे व रुंद पाकळ्यांचे असते. बी लांब, चोचीसारखे असून त्याच्या टोकाचे काटे कपड्यांना चिकटतात. कॉसमॉसवर मधमाश्या येत नाहीत असे नव्हे. त्या येतात. परंतु हे रोप दाट रान माजवून सोनकी, कवला, तुंबा यांसारख्या स्थानिक वनस्पतींची जागा बळकावते. निरनिराळी फुले एकामागून एक फुलत राहिली तर माशीला चार महिने अन्न मिळते. एकच फूल एकदम फुलून एकदम संपले, तर त्यानंतर तिला उपास घडतो. यास्तव रानफुलांच्या नावाखाली कॉसमॉसचे बी माळावर फेकण्याची हौस टाळावी.

दिसावयास भरलेली, परंतु मधमाशीस रिती

टाकळा आणि तरवड या दोन वनस्पती या दृष्टीने विशेष ध्यानात ठेवाव्यात. टाकळा पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने माजतो व ऑगस्टपासून पिवळा फुलतो. तरवडाचे झुडूप पूर्वेकडील कोरड्या माळांवर मोठ्या पिवळ्या फुलांनी डवरलेले दिसते. दोहोंच्याही फुलांत मकरंद नसतो. त्यांचा पराग पुंकेसरांच्या टोकांशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो आणि तो पाडण्यासाठी फुलाला घट्ट धरून पंखांच्या स्नायूंनी कंप द्यावा लागतो. मोठा काळा भुंगा हे काम सहज करतो व त्याचा घुमणारा आवाज दूरवर ऐकू येतो. मधमाशीला मात्र ही कला अवगत नाही. सबब टाकळ्याने पिवळा झालेला माळ हा भुंग्याचा माळ होय. त्याच्या भरवशावर मधपेटी ठेवू नये.

तेरड्याचे फूल गौरीच्या सणामुळे घरोघरी ठाऊक आहे. त्याच्या मागील बाजूस शेपटीसारखी बारीक नळी असते व मकरंद तिच्या टोकाशी साठतो. लांब सोंडेच्या फुलपाखरांना तो सहज मिळतो. आखूड जिभेच्या माशीला त्यासाठी अधिक प्रयास पडतात. तेरड्याने उतार गुलाबी झाला म्हणून पेटीत मध भरेलच, असे समजू नये.

गाजर गवताविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. परदेशी धान्यातून आले असे मानले जाणारे हे तण भारतात १९५० च्या दशकात पुणे परिसरातूनच नोंदले गेले. बारीक पांढऱ्या फुलांचे हे गवत पडीक जमीन, बांधकामाची जागा आणि मातीचे ढिगारे सर्वप्रथम व्यापते व तेथे दुसरे काही वाढू देत नाही. माणसाच्या त्वचेस व श्वासासही ते अपायकारक आहे. रानफुले राखावयाची म्हणून गाजर गवत राखणे हा शहाणपणा नव्हे. ते फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. मोकळी झालेली जागा तुंबा, कुर्डू व एकदांडी आपणहून व्यापतात.

वावरातील व बांधावरील उपयुक्त फुले

केना हे ओलसर वावरात पसरणारे, आखूड रुंद पानांचे तण असून त्याचे निळे फूल सकाळी उमलते व दुपारपर्यंत मिटून जाते. त्यात मकरंद नसतो, परंतु पराग असतो. सप्टेंबरच्या सकाळी केन्यावर बसलेली सातेरी माशी पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन परतताना दिसते.

कवला ही पावसाळी माळावरची बुटकी वनस्पती आहे. हिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. फूल पिवळे, घेवड्याच्या फुलासारखे असून वरच्या पाकळीवर दोन तांबूस ठिपके असतात. त्यावरून मुले हिला मिकी माउस म्हणतात. पश्चिमेकडील अधिक पावसाच्या भागात ही सप्टेंबर-ऑक्टोबरात गालिच्याप्रमाणे पसरते.

तुंबा किंवा गुमा याच्या दांडीवर ठराविक अंतराने हिरवे गोल गेंद असतात व त्यांतून ओठासारखी पांढरी शुभ्र फुले बाहेर डोकावतात. हे फूल मकरंदासाठी उत्तम आहे. खरीप निघाल्यानंतर मोकळ्या झालेल्या वावरात व बांधावर हे नोव्हेंबरपर्यंत आढळते.

कुर्डू ही बाजरीच्या वावरात हमखास येणारी वनस्पती. हिचा तुरा मेणबत्तीच्या आकाराचा, टोकाशी गुलाबी आणि खाली रुपेरी पांढरा असतो. तुरा खालून वर क्रमाने फुलत जात असल्याने एकाच तुऱ्यावर पुष्कळ दिवस चारा मिळतो. पिकात ती तण आहे, तेथून ती काढलीच पाहिजे. परंतु बांधावर उभी असलेली कुर्डू पिकाशी स्पर्धा करीत नाही.

तुळस ही रानातली नव्हे, अंगणातली. परंतु निगडी-चिंचवडच्या वस्त्यांत जेथे माळ उरला नाही, तेथे ओट्यावरील व गच्चीवरील तुळशींच्या मंजिऱ्या मधमाशीला फार मोलाच्या वाटतात. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मंजिऱ्या सर्वच्या सर्व खुडून न टाकता त्यांतील काही फुलू द्याव्यात.

झुडपे आणि झाडे

लहान रोपांचा फुलोरा ओल असेतो टिकतो. ज्या वर्षी परतीचा पाऊस लवकर निघून जातो, त्या वर्षी खोल मुळांची झाडेच माशीला आधार देतात.

बोर या दृष्टीने प्रथम क्रमांकाचे होय. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानांच्या बेचक्यांत हिरवट पिवळी, अतिशय बारीक फुले झुबक्यांनी येतात. ती पटकन नजरेस पडत नाहीत, परंतु झाडाखाली उभे राहिल्यास गुंजारव ऐकू येतो. फुलाच्या मध्यावर उघडी मकरंदाची चकती असल्याने लहानमोठ्या सर्व माश्यांना तिचा लाभ घेता येतो. संक्रांतीला सुगडांत जी बोरे घातली जातात, ती आश्विनातील या माश्यांच्याच श्रमाचे फळ होय.

हिवर हे कोरड्या माळावरील काटेरी झाड बाभळीच्या जातीचे आहे. बाभळीचे गोंडे गर्द पिवळे असून पानांच्या बेचक्यांत येतात. हिवराचे गोंडे फिकट, पांढुरके असून फांद्यांच्या टोकांशी मोठ्या घोसांनी येतात. खोडाची सालही फिकट असते. हिवरापासून मुख्यत्वे पराग मिळतो.

निर्गुडी ओढ्यानाल्यांच्या व नद्यांच्या काठी वाढते. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका, त्यांची खालची बाजू पांढुरकी आणि टोकाशी फिकट जांभळ्या फुलांचे तुरे, ही तिची खूण. वर्षातील बराच काळ ती फुलते. इंद्रायणी व भामेच्या काठची निर्गुडी जळणासाठी तोडण्यापूर्वी तिची ही किंमत ध्यानात घ्यावी. रिठ्याचे झाडही पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडाशी फुलते. नवीन झाडे लावताना त्याचा अवश्य विचार करावा.

पिकांपैकी तूर या काळात फुललेली असते व तिच्यावर मधमाश्यांची वर्दळ असते. याच वेळी शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी औषध मारावे लागते. ते संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर मारावे आणि शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशी कळवावे.

पारख स्वतः करावी

पुस्तकातील यादीपेक्षा स्वतःच्या शिवारातील पाहणी अधिक विश्वसनीय असते. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी ८ ते १० च्या दरम्यान पेटीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत फेरफटका मारावा. एकाच जातीची फुले दाट असतील अशी सुमारे एक मीटर लांब-रुंद जागा निवडून ५ मिनिटे स्वस्थ उभे राहावे व किती माश्या येतात ते मोजावे. माशी फुलात तोंड घालून थांबत असेल तर ती मकरंद घेत आहे. मागील पायांवर रंगीत गोळ्या दिसत असतील तर ती पराग गोळा करीत आहे.

मोजताना एक सावधगिरी बाळगावी. मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असलेली एक माशी फुलांसमोर हवेत जागच्या जागी तरंगताना दिसते. तिला दोनच पंख असतात व पायांवर परागाच्या गोळ्या कधीच नसतात. ती मधमाशी नव्हे. मधमाशीला चार पंख असतात. मधमाश्यांतही भेद आहेत. सातेरी मध्यम आकाराची, पेटीत राहणारी. आग्या मोठी, उंच झाडावर व कड्यावर उघडे पोळे बांधणारी. फुलोरी लहान, पोटाचा पुढील भाग तांबूस असलेली, झुडपात एकच लहान पोळे करणारी. तिघींचाही चारा थोड्याफार फरकाने एकच आहे आणि तिघीही पिकांना उपयोगी पडतात.

पाहिलेले सर्व एका वहीत तारीखवार लिहून ठेवावे. कोणते फूल कोणत्या आठवड्यात उमलले, केव्हा संपले, त्यावर किती माश्या होत्या, एवढी नोंद पुरे. दोन-तीन वर्षांत शिवाराची फुलोऱ्याची दिनदर्शिका तयार होते. कोणत्या पंधरवड्यात चारा तुटतो ते तीवरून कळते व त्याच वेळी साखरेचा पाक द्यावा की पेटी हलवावी, हे ठरविता येते. पेटीतील चौकट उघडून परागाची घरे पाहिल्यास हा निष्कर्ष पडताळता येतो. घरांत निरनिराळ्या रंगांचा पराग असेल तर माशीचा आहार विविध आहे. सर्व घरे एकाच रंगाची किंवा रिकामी असतील तर परिसरात काहीतरी उणे आहे.

या शास्त्राचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. महाबळेश्वर येथे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. तेथील मधपाळांना सह्याद्रीच्या रानाचा आधार आहे. चाकणच्या शेतकऱ्याचे रान मात्र तुकड्यातुकड्यांनी उरले आहे, म्हणून त्याने प्रत्येक तुकडा ओळखून राखला पाहिजे.

कुंपणाच्या आतील माळ

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ साली झाली आणि पुढे कारखानदारी चाकण, कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांपर्यंत पोहोचली. या वाढीने हजारो हातांना काम दिले. परंतु जी गायराने व माळराने पूर्वी सलग होती, ती आता रस्ते आणि भिंतींनी तुटली आहेत. एक-दीड किलोमीटरच फिरणाऱ्या माशीला हे तुकडे जोडून घेता येत नाहीत.

तथापि कारखान्यांच्या आवारातही पुष्कळ मोकळी जमीन असते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हावयाची म्हणून त्याआधी सबंध आवार साफसूफ केले जाते. भिंतीपासून भिंतीपर्यंत गवत कापले जाते. शेतातही दिवाळीनंतर बांध खरडण्याची व माळाचे गवत कापण्याची घाई उडते. नेमका तोच काळ मधमाशीच्या अन्नाचा असतो. एका दिवसात सबंध फुलोरा जमिनीवर येतो व पेट्यांतील वसाहतींचे ताट पुढ्यातून ओढल्यासारखे होते.

यावर उपाय अवघड नाही आणि त्यास खर्चही नाही. इमारती, विजेच्या तारा व रस्ते यांच्या लगतचा पट्टा सुरक्षिततेसाठी अवश्य कापावा. उरलेल्या जागेचे दोन भाग करावेत. एक भाग प्रथम कापावा व दुसरा फुलोरा संपून बी पडल्यावर, म्हणजे साधारणतः मार्गशीर्षात कापावा. पुढील वर्षी हा क्रम उलटवावा. बांधाचेही तसेच करावे. एका बाजूचा बांध खरडला तर दुसऱ्या बाजूचा राखावा. वाळलेले गवत पेटवून देण्याची पद्धत सर्वस्वी टाकून द्यावी, कारण आगीत पडलेले बी आणि जमिनीत घर करून राहणाऱ्या रानमाश्या दोन्ही नष्ट होतात. कुंपणालगत बोर, निर्गुडी, रिठा यांची रांग लावल्यास ती आडोसाही देते व चाराही देते. कारखान्यातील माळीदादांना सोनकी व कॉसमॉस यांतील भेद एकदा पानावरून दाखवून दिला, तर पुढचे काम तेच करतील. पुष्कळ माळी याच परिसरातील शेतकरी कुटुंबांतील असतात. तुंबा आणि कुर्डू त्यांना नव्याने शिकवावी लागत नाही, फक्त ती राखण्याची मुभा द्यावी लागते.

ग्रामपंचायतींनी गायरानाच्या एका कोपऱ्यास दिवाळी उलटेपर्यंत चराईबंदी केली, तर गुरांचे फारसे नुकसान होत नाही. शाळांनी मुलांकडून फुलोऱ्याची दिनदर्शिका करवून घेतल्यास गावाला आपल्या रानाची कायमची नोंद मिळेल.

मधमाशी कोणाच्या शेताची हद्द पाहत नाही व कारखान्याच्या फाटकाशी परवानाही दाखवीत नाही. कुंपणाच्या आत राहिलेल्या सोनकीवर आणि ओढ्याकाठच्या निर्गुडीवर पोसलेली माशी माघात कुंपणाबाहेरच्या कांद्याच्या गोंड्यावर येऊन बसते. तेव्हा येत्या आश्विनात बांधावर विळा चालविण्यापूर्वी शेतकऱ्यांनी क्षणभर थांबावे, पान पाहावे, फुलावर कोण बसले आहे ते पाहावे आणि मगच हात चालवावा. त्या एका क्षणाची किंमत पुढे बियाण्याच्या मापात दिसून येईल.